अडीच किलो

पुण्यात बायकोवर जळणारे नवरे पुष्कळ आहेत, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आपण बायकोवर नेमके किती जळतो हे दशांश चिन्हाच्या पुढे दोन घरांपर्यंत काढून भिंतीवरच्या फळ्यावर लिहून ठेवणारा माणूस या शहरात एकच आहे, आणि तो नेमका आमच्या घरचा जावई आहे. मी त्यांना दाजी म्हणतो. वयानं, नात्यानं आणि छातीच्या मापानं ते माझ्याहून मोठे, म्हणून म्हणतो. मनातल्या मनात मी त्यांना आजवर काय काय म्हटलंय ते छापण्यासारखं नाही.

दाजी हिंजवडीच्या बाजूच्या एका गावातले. ते गाव आता कंपन्यांच्या काचेच्या इमारतींमध्ये नक्की कुठे आहे हे दाखवायला दाजीच लागतात. त्यांच्या वडिलांची भातखाचरं होती तिथे कंपन्यांच्या बसगाड्या वळतात, आणि उरलेल्या तुकड्यावर दाजींची आणि माझ्या ताईची व्यायामशाळा आहे, वरच्या मजल्यावर घर. दोघंही वजनं उचलतात. म्हणजे रीतसर स्पर्धेत, कमरेला पट्टा बांधून, पंचांसमोर. जमिनीवर लोखंडी दांडी ठेवलेली असते, तिच्या दोन्ही टोकांना जाडजूड चकत्या अडकवलेल्या असतात. वाकून ती धरायची आणि ताठ उभं राहायचं, एवढाच खेळ. वाचायला सोपा वाटतो. मी एकदा करून पाहिला, त्यानंतर आठवडाभर माझे मोजे माझ्या बायकोनं घालून दिले. मी शाळेत गणित शिकवतो, त्या कामाला मोजे घातले की पुरतं.

दाजींना जगातली कुठलीही गोष्ट किलोतच कळते. माणूस भेटला की नमस्काराच्या आधी त्यांची नजर त्याला पायापासून डोक्यापर्यंत एकदा तोलून घेते. माझ्या लग्नात आशीर्वाद द्यायला म्हणून स्टेजवर आले आणि माझ्या कानाशी लागून म्हणाले, "पाव्हणं, त्रेपन्न. लई तर साडेत्रेपन्न." नवरीनं विचारलं काय म्हणाले, तर मी सांगितलं, नांदा सौख्यभरे म्हणाले. आम्हाला मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात येऊन तिला दोन्ही तळहातांवर घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "तीन किलो शंभर. पहिल्या उचलीला वाईट न्हाय." आमच्याकडच्या सत्यनारायणाला प्रसादाचा द्रोण हातात तोलून ते "सत्तर ग्रॅम" असं पुटपुटले. भटजींना वाटलं कमी पडला, त्यांनी आणखी एक चमचा वाढला. स्वतःच्या घरी तर शिजलेला भात काट्यावर चढल्याशिवाय ताटात पडत नाही, आणि ताईच्या ताटात दहा ग्रॅम जास्त पडला तर त्याची कारणं द्यावी लागतात.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी, नाहीतर ताई मला सोडायची नाही. आमचे वडील पडले, खुब्याचं हाड मोडलं. आमचं घर विश्रांतवाडीत, तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. दर आठवड्याला दवाखान्यात न्यायचं म्हणजे चार माणसं, खुर्ची आणि आरडाओरडा. दाजी हिंजवडीहून त्या भयंकर रहदारीतून दीड तास गाडी हाकत यायचे, वडिलांना लहान मुलासारखं उचलायचे आणि तीन मजले उतरायचे. परत आल्यावर चढवायचं काम ताईचं. त्यावरूनही जिन्यात भांडण, कारण ताईचं म्हणणं चढणं अवघड, सबब दुप्पट धरा. पण एकदा दाजी वडिलांना गाडीत ठेवून माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "एकसष्ट भरले. गेल्या खेपेला त्रेसष्ट व्हते. म्हाताऱ्याला कायतरी होतंय, पाव्हणं." डॉक्टरांना ते कळायला आणखी महिना लागला. एवढी एक गोष्ट मी त्यांच्या बाजूनं सांगतो आणि आता माझ्या संतापाकडे येतो.

भांडणाचं मूळ एका सूत्रात आहे. बाई आणि पुरुष, जाडा आणि बारीक यांची तुलना करता यावी म्हणून या खेळात एक सूत्र वापरतात. स्वतःचं वजन घालायचं, उचललेलं वजन घालायचं, की गुण बाहेर पडतात. व्यायामशाळेतल्या फळ्यावर दोघांचे गुण शेजारी शेजारी लिहिण्याची टूम दाजींचीच, कारण तेव्हा ते पुष्कळ पुढे होते. ताई कॉलेजात गोळा फेकायची. दांडी धरायला तिला दाजींनी शिकवलं. हे मी नाकारत नाही, आणि नाकारू म्हटलं तरी सोय नाही, कारण बारशापासून तेराव्यापर्यंत प्रत्येक ठिकाणी ते स्वतःच सांगतात, "हिला दांडी धराया मी शिकवली." शिकवली खरी, पण ती इतकी शिकेल असा त्यांचा अंदाज नव्हता. वर्षागणिक ताईचे गुण वर सरकायला लागले आणि दाजींना अचानक सूत्रच अन्यायाचं वाटायला लागलं. त्यांनी आठ पानी पत्र लिहून रजिस्टर पोस्टानं संघटनेला पाठवलं. ऐन दिवाळीत फराळाच्या ताटावर मला कागद-पेन्सिल देऊन सूत्रातली चूक शोधायला बसवलं. चूक नव्हती. "किलो म्हंजे किलो," ते म्हणाले. "पोतं उचलताना कुनी सूत्र काढतं व्हय?" ताई शांतपणे म्हणाली, "अहो, मग फळा पुसून टाका." तोही पुसवेना.

इथवर ठीक होतं. घरोघरी मातीच्या चुली असतात, यांच्या घरी लोखंडाची. पण गेल्या वर्षी दाजींनी जे केलं त्याला माफी नाही.

ताईला राज्याच्या संघात जायचं होतं. एका वजनगटातून एकच बाई घेतात. ताईचं वय एक्केचाळीस, पाठीवर राज्याचं नाव असलेलं ते जाकीट तिला एकदा तरी अंगावर घालायचं होतं आणि त्यासाठी ती सहा वर्षं पहाटे उठत होती. स्पर्धेत प्रत्येकाला तीन संधी मिळतात. एक संधी झाली की मिनिटाच्या आत पुढचा आकडा चिठ्ठीवर लिहून पंचांच्या टेबलावर द्यायचा असतो. उचलणारा तेव्हा धापा टाकत असतो, म्हणून हे काम त्याचं माणूस करतं. ताईचं माणूस म्हणजे दाजी. शेवटच्या संधीसाठी ताईनं सांगितलं एकशे साडेबेचाळीस. दाजींनी चिठ्ठीवर लिहिलं एकशे पस्तीस. ताईनं ते धुण्याची बादली उचलावी तसं उचललं, मग समोरच्या पाटीवरचा आकडा वाचला आणि दांडी हातातच धरून उभी राहिली. दुसऱ्याच एका बाईनं एकशे चाळीस उचलून जाकीट नेलं.

"तिची कंबर दुखत व्हती," दाजी म्हणाले. कंबर ताईची, पण दुखत असल्याची खबर फक्त दाजींना. मी घरी येऊन हिशेब केला. ताईनं एकशे साडेबेचाळीस उचलले असते तर फळ्यावर ती दाजींच्या पुढे गेली असती. हे मी म्हणत नाही, सूत्र म्हणतं.

ताई पिशवी घेऊन तडक विश्रांतवाडीला आली, दांडी निसटू नये म्हणून हातांना लावलेली पांढरी पूडसुद्धा तिनं धुतली नव्हती. अकरा दिवस राहिली. दाजींचा रोज फोन यायचा. माफी नाही, समजूत नाही, माझ्या बायकोला एकच प्रश्न, "खातीय का? वजन केलं का तिचं?" शेवटी सकाळच्या वर्गाच्या बायका खोळंबल्या म्हणून ताई परत गेली, पण अटी घालून. तिच्या सरावाच्या वेळी दाजींनी खाली यायचं नाही, स्पर्धेत ती तयारी करते तिथे फिरकायचं नाही आणि तिच्या चिठ्ठीला हात लावायचा नाही. बोलणंही जवळजवळ बंद. जे काय असेल ते फळ्यावर. मी एकदा गेलो तर बैठकांच्या वेळापत्रकाखाली लिहिलं होतं, "दूध संपले आहे." त्याखाली दुसऱ्या अक्षरात, "पाहिले आहे." संसार असा चालतो का, हे मी विचारणार होतो, पण खडू कुठे ठेवलाय ते सापडेना.

यंदाच्या निवडीला ताईनं आपलं माणूस म्हणून मला नेलं. स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. जिथे एरवी नवरा-नवरी बसतात तिथे दांडी ठेवलेली. सकाळी पुरुषांचा गट झाला. दाजी दरवर्षी एकशे नव्वदनं सुरुवात करतात, यंदा त्यांनी पहिल्याच संधीला दोनशे वीस मागितले. का, ते हॉलमध्ये फक्त मला कळलं. ताई दुपारी जे उचलेल असं त्यांना वाटत होतं, त्याच्या पुढे राहायला सूत्रानं तेवढेच लागत होते, म्हणून तिन्ही संधी त्याच आकड्याला. आणि या खेळात एकदा मागितलेलं वजन पुढच्या संधीला कमी करता येत नाही. दांडी पहिल्यांदा हललीच नाही. दुसऱ्यांदा हलली. तिसऱ्यांदा गुडघ्यापर्यंत आली, दाजींचं तोंड जांभळं झालं आणि दांडी खाली गेली. तिन्ही फुकट, नावापुढे शून्य. मला वाईट वाटायला हवं होतं. मला मनापासून बरं वाटलं, मी कँटीनमध्ये जाऊन दोन वडे खाल्ले.

दुपारी ताईच्या गटात शेवटी दोघीच उरल्या, ताई आणि तिच्या निम्म्या वयाची एक मुलगी. दोघींचे एकशे चाळीस झालेले. ताई मला म्हणाली, "पंचेचाळीस लाव," आणि पडद्यामागे जाऊन डोक्यावर टॉवेल घेऊन, कानात गाणी लावून बसली. मी चिठ्ठी दिली. तेवढ्यात माझ्यामागे दाजी येऊन उभे राहिले.

"पाव्हणं, तिला साडेसत्तेचाळीस लावा. दांडी भरेपतूर आकडा बदलता येतो."

"ताईनं पंचेचाळीस सांगितलंय."

"ती आत हाय, तिला ठावं न्हाय. त्या पोरीनं बी पंचेचाळीसच लावलंय. दोघींनी उचललं तर नंबर अंगानं हलकी असंल तिला जातो. पोरगी चारशे ग्रॅम हलकी हाय, सकाळचा वजनाचा कागद मी बघितलाय." मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "अडीच किलो हाय तिच्यात. मी रोज बघतो."

"तुम्हाला तर बघायची बंदी आहे."

"जिन्यातनं बघतो," दाजी म्हणाले.

मी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. गेल्या वर्षी आकडा कमी करून ताईचं जाकीट घालवलेला माणूस, सकाळी स्वतः भोपळा मिळवलेला, आता आकडा वाढवून तिलाही आपल्या पंगतीला बसवायला आलाय, हे मला लख्ख दिसलं. मी म्हणालो, "दाजी, आमच्या ताईचा आकडा तिचा तिला ठरवू द्या." वाक्य चांगलं जमलं असं तेव्हा वाटलं. टेबलावरचे पंच दाजींना वीस वर्षं ओळखतात, ते स्वतः जाऊन आकडा बदलू शकले असते. गेले नाहीत. चिठ्ठीला हात न लावण्याचा शब्द दिलेला होता. मी पडद्यामागे जाऊन ताईला विचारू शकलो असतो, दांडी भरायला अजून दोन मिनिटं होती. मीही गेलो नाही.

मुलीनं पंचेचाळीस उचलले, कसेबसे. ताईनं उचलले ते सरळ, एका दमात, आणि वर धरून ती हसली, कारण तिच्यात अजून होतं हे तिला कळलं. सगळ्या हॉलला कळलं. मग माइकवरून नाव पुकारलं ते त्या मुलीचं, चारशे ग्रॅमनी.

ताई पायरीवर बसून पट्टा सोडत होती. "मीच कमी सांगितलं रे," ती मला म्हणाली. "आत बसून राहिले. बाहेर कोण काय लावतंय ते बघायला हवं होतं. माझंच चुकलं."

दाजी तीन पावलांवर उभे होते. आठ पानी पत्र लिहिणारा, तेराव्याच्या पंगतीतही स्वतःची कर्तबगारी सांगणारा माणूस. मी मान खाली घालून वाट पाहिली. दाजींनी ताईची पिशवी उचलली आणि म्हणाले, "चल. आधी खाऊन घे कायतरी." आपली पिशवी दुसऱ्याला उचलू न देणारी ताई निमूटपणे त्यांच्यामागे गेली.

याला आता सात महिने झाले. गेल्या वर्षीच्या त्या चिठ्ठीसाठी दाजींना माफी नाही, हे मी आजही म्हणतो. पण यंदाच्या गप्प बसण्याचा मला जास्त राग येतो. त्यांनी ताईला सांगून टाकलं असतं तर ती माझ्यावर भडकली असती, महिनाभर बोलली नसती, आणि प्रकरण मिटलं असतं. ते सांगत नाहीत आणि मला सांगवत नाही.

गेल्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला होतो. ताई म्हणाली, "पुढच्या निवडीलाही तूच चल. तुझं बरं असतं, मी सांगते तेच तू लिहितोस."

मी दाजींकडे पाहिलं. ते खाली बघून भाकरी मोडत होते. "व्हय," ते म्हणाले, "पाव्हण्यांनाच ने."