झोक्याचा रिलीव्हर

हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच पाहिजे राव! ऑक्टोबरातला रविवार, चऱ्होलीची बाग. कंपनीचा शर्ट घातलेला एक माणूस नाइट शिफ्टवरून थेट आलेला, डोळे मिटून लेकीला झोका देत होता.

"पप्पा, झोपलात!"

"न्हाई गं, मशीन चालू हाय."

त्याची बायको गवतावर डबा उघडत म्हणाली, "चला घरी, पडा जरा."

"पुढं सगळे रविवार ओव्हरटाइम हाय. आज न्हाई तर कवा?"

मग शेजारच्या बाकावर बसलेल्या मला म्हणाला, "भावा, रिलीव्हर होतो का जरा?" कंपनीत बदली माणूस आल्याशिवाय मशीन सोडत नाहीत ना! मी साखळी धरली, तो तिथेच गवतावर घोरायला लागला.

मी जोरात झोका दिला, तशी पोरगी कुजबुजली, "दादा, हळू! साखळी वाजती, पप्पा उठतील."

हात भरून आले, तरी सोडवेना. तुम्हाला असं कुणी रिलीव्हर म्हणून उभं केलंय का कधी?