तांदळातलं नाव

आमच्या शेजारच्या सगुणाबाईचं नाव मुळात सगुणा नव्हतंच. वांगणीला माहेरी ती मीना. वडील उल्हास नदीत मासे धरायचे. ती जन्मली त्या दिवशी जाळं भरून आलं, म्हणून गुरुजींनी हे माशाचं नाव सुचवलं. लग्न होऊन बदलापूरला आली, तर मोठ्या जावेचंही नाव मीना! एका घरात दोन मीना नकोत, असं सासूनं ठरवलं. तिच्या नवऱ्यानं, जयदेवभाऊंनी, लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं 'सगुणा' लिहिलं आणि विषय संपला.

मला या रीतीचा रागच येतो. खुंटा बदलला म्हणून म्हशीचंसुद्धा नाव कोणी बदलत नाही. माहेरचे भाऊ तिला ताई म्हणतात. आई गेली आणि मीना म्हणणारं शेवटचं माणूस गेलं.

सगुणाबाई आनंदनगरच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. गेल्या वर्षी तिथे मशीन बसवायला दोन बायका आल्या, एक जपानची, एक इटलीची. दोघीही मीना! चहाच्या वेळी सुपरवायझर कीर्तीनं त्यांचं इंग्रजी बोलणं मराठीत सांगितलं. जपानी बाई म्हणाली, आमच्यात आईबाप नावाची अक्षरं निवडतात, माझ्या पहिल्या अक्षराचा अर्थ सुंदर. इटलीची हसली. तिला आजीचं नाव ठेवलेलं, गुल्येल्मिना. एवढं लांबलचक कोण हाक मारणार, म्हणून शेपूट तेवढं ठेवलं.

"तुमचं?" त्यांनी विचारलं.

सगुणाबाईच्या गळ्यात 'सगुणा' लिहिलेलं ओळखपत्र होतं. तरी ती म्हणाली, "मीना. म्हंजे मासली."

घरात दोन मीना मावल्या नाहीत, इथे एका टेबलावर तीन मावल्या.

पुढच्याच महिन्यात तिच्या अल्पेशचं लग्न होतं. होणाऱ्या सुनेचं, तेजस्वीचं, नाव बदलून रिद्धी ठेवायचं मोठ्या जावेनं ठरवून टाकलं होतं. सगुणाबाईनं त्या मुलीला फोन करून विचारलं, "तुला कंचा नाव पायजे?"

ती म्हणाली, "माझंच."

लग्नात तांदळाचं ताट आलं. जाऊ अल्पेशला म्हणाली, "लिव रे, रिद्धी."

सगुणाबाईनं ताटावर हात आडवा धरला. "तेजस्वीच लिव."

"अगो, घरची रीत हाय!"

"माजा नाव बदलला तवा मना कोनी इचारला नाय. हिला मी इचारलाय."

अल्पेशनं 'तेजस्वी' लिहिलं. सुनेनं हळूच विचारलं, "आई, तुमचं आधीचं नाव काय?" सगुणाबाईनं तिच्या कानात सांगितलं. पोरीनं नवऱ्याच्या हातातून अंगठी घेतली, आपल्या नावाखाली ते लिहिलं आणि ताट सासऱ्यांपुढे धरलं.

जयदेवभाऊंनी चष्मा सारखा केला आणि वाचलं, "मीना."

मोठी जाऊ शेजारीच उभी होती. पण ओ दिली ती सगुणाबाईनं.