फोटोपुरतं धावणं

पोहणं आणि सायकल उरकली की ट्रायथलॉनमध्ये धावणं उरतं. इथे ते समुद्राकाठच्या चढावरून होतं. नवऱ्याची वाट पाहत मी चढावरच्या वळणावर, फोटोग्राफरशेजारी उभी होते.

चढ सगळे चालतच येत होते, कमरेवर हात ठेवून, तोंड वासून. कॅमेरा दिसला की मात्र पोटं आत जायची, माना ताठ व्हायच्या आणि माणसं धावायला लागायची. कॅमेरा मागे पडला की पुन्हा चालणं. एवढा निळा समुद्र पसरलेला, पण त्याचं काम फोटोत मागे दिसण्यापुरतं. कुणी बघणारं नसेल तेव्हा ही माणसं श्वास तरी घेत असतील का, असं मला वाटून गेलं.

"ताई, चहा घेऊन येतो. जरा लक्ष ठेवाल?" असं म्हणून फोटोग्राफर टपरीकडे गेला. मी त्याच्या खुर्चीत बसले. स्टँडवरचा कॅमेरा बंद होता. तरी लोक त्याच्यासमोर धावत होते, अंगठे दाखवत होते.

मग लंगडत लंगडत नवरा आला. कॅमेरा दिसताच तो सावरला, धावला आणि असं काही गोड हसला! ते हसू त्याच्याकडे आहे हेच मी विसरले होते. माझा हात आपोआप वर गेला. नवरा तसाच पुढे निघून गेला.

नंतर भेटल्यावर म्हणाला, "वळणावरचा माझा फोटो झकास येणार बघ. तू कुठे होतीस?"