रावसाहेबांची बिस्किटं

आमच्या घराण्यात आजवर एकदाच बिस्किटं भाजली गेली, आणि ती कुत्र्यासाठी होती.

त्या वर्षी आमचं कुटुंब, म्हणजे इंदू, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, माढ्याला गेलं होतं. सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या घरात उरलो आम्ही तिघं : मी, स्वयंपाकघराची सर्वाधिकारी आत्या आणि इंदूनं पाळलेला कुत्रा. दिवसभर पायरीवर काही न करता रुबाबात बसतो, म्हणून इंदूनं त्याचं नाव ‘रावसाहेब’ ठेवलं होतं. (शेजारचे वकील त्या किताबासाठी तीन वर्षं साहेबाचे उंबरठे झिजवत होते. त्यांच्यासमोर आमच्या कुत्र्याला नाव नसे.)

इंदू गेली त्या दिवसापासून रावसाहेबांनी अन्न सोडलं. भाकरी हुंगावी, सुस्कारा सोडावा आणि रस्त्याकडे तोंड करून बसावं. आठ दिवसांत बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसू लागल्या. ती परत आली आणि कुत्रा नसला, तर मी काय तोंड दाखवणार होतो?

शेळीचं दूध घालणारी ठकूबाई म्हणाली, “त्येला भूक न्हाय मास्तर. त्येला बाई पायजे.”

“काहीतरीच! जनावराला काय कळतंय?”

“व्हय की! आन तुमचं धोतार कशानं गळाया लागलंय?”

मी घाईघाईनं धोतर सावरलं. विरह वगैरे गोष्टी कवींनी पोट भरण्यासाठी काढल्या आहेत, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. दोन घास कमी जात होते ते उन्हामुळे. रात्री झोप नव्हती ती ढेकणांमुळे.

मी शहाण्यासारखा वाचनालयात गेलो. एका जुन्या इंग्रजी मासिकात उपाय सापडला : कुत्र्यांची बिस्किटं! साहित्य : कणीक, कोंडा आणि मटणाचा रस्सा. मटणाचं नाव काढलं असतं तर आत्यानं मलाच पायरीवर बसवलं असतं, म्हणून मी रश्शाच्या जागी कालची आमटी घेतली. वर शेंगदाण्याचं कूट आणि गूळ. भट्टी कुठली आणायची? पितळी पातेल्यात वाळू, वाळूवर ताटली, पातेल्यावर परात आणि परातीत रसरशीत निखारे!

“दामू, कसला वास येतोय रे?” आत्या माजघरातून ओरडली.

“बिस्किटांचा!”

वास कल्हईचा होता. ती पातेल्यावरून उतरून वाळूत गोळा झाली होती. पण बिस्किटं झाली! दोन डझन, तपकिरी, खणखणीत. मी राखेनं माखलेले हात धुवायला आडावर गेलो, हीच माझी चूक.

आमच्या चुलीवर शिजलेला कुठलाही पदार्थ देवाला दाखवल्याशिवाय कुणाच्या तोंडी जात नसे. परत येऊन बघतो तर बिस्किटांवर तुळशीपत्र, आणि ओट्यावर वकील तोंड हलवताहेत!

“आत्या! अगं, ती कुत्र्याची आहेत!” मी आत जाऊन कुजबुजलो.

“आधी होती. आता नैवेद्य दाखवलाय. प्रसाद कधी एकट्या कुत्र्याला घालतात होय रे?”

बाहेर वकिलांनी डोळे मिटले होते. “मास्तर, ही खरी विलायती चव! कलेक्टरसाहेबांच्या चहाला हुबेहूब अशीच होती. तुम्हाला नाही कळायचं.”

मला कळत होतं, पण बोलायची सोय नव्हती. त्यांनी सहा खाल्ली, चार बांधून घेतली आणि जाताना गल्लीभर सांगितलं. तासाभरात अर्धी पेठ प्रसादाला आली. प्रसादाला नाही म्हणता येत नाही. शेवटचं एक बिस्किट मी झडप घालून वाचवलं आणि रावसाहेबांपुढे ठेवलं. त्यांनी ते हुंगलं, माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड केलं.

तेव्हा मात्र माझा धीर सुटला. मी माढ्याला पत्र लिहिलं. बायकोला पत्र लिहिणं त्या काळी निर्लज्जपणाचं, म्हणून सासऱ्यांना, आणि सासरे आलेलं पत्र साऱ्या घराला मोठ्यानं वाचून दाखवीत. मी लिहिलं, ‘कुत्रा जेवत नाही. रात्री जागा असतो. गाडीची शिट्टी झाली की दाराशी जातो.’ उलट टपाली कार्ड आलं : ‘कुत्र्यास घेऊन येणे.’

माढ्याला पोचलो. इंदू दारात आली, बघतच राहिली आणि कळवळून म्हणाली, “अगं बाई! किती वाळलाय!”

मी लाजून खाली पाहिलं. ती कुत्र्याशी बोलत होती. त्यानं तिच्या हातून अडीच भाकऱ्या खाल्ल्या. मला पिठलं सासूबाईंनी वाढलं. चार माणसांत तिनं माझ्याशी बोलायची रीत नव्हती. सासरे म्हणाले, “कुत्रा राहू द्या इथंच, जावईबापू. तुमची शाळा बुडायला नको, दुपारची गाडी आहे.”

सोलापुरात आलो तर पायरी रिकामी. त्या रात्री ढेकूणही चावेनात, तरी झोप नाही. आठवडाभरानं सासऱ्यांना लिहिलं, ‘कुत्र्याविना घर खायला उठते.’

उत्तर आलं : ‘कुत्रा दोन वेळ जेवतो. परंतु त्यासही आपली फार आठवण येते. दाराशी गाडी थांबली की उठून पाहतो, आणि मोकळा होताच पहिल्या गाडीने सोलापुरास येईल, असे लिहिण्यास चि. सौ. इंदूने दोनदा बजावले आहे.’

माझे डोळे भरून आले. “बघ आत्या,” मी म्हणालो, “मुकं जनावर, पण माझ्यावर केवढी ही माया!”

आत्यानं कार्ड माझ्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतलं. मग ती म्हणाली, “दामू, इंग्रजी शाळेत तुझ्याऐवजी त्या कुत्र्याला घालायला हवं होतं!”