शेवाळेमामांचे पाय

धुतलेली प्रत्येक परीक्षानळी शेवाळेमामा खिडकीतल्या उजेडात धरून बघत आणि स्टँडमध्ये लावताना हळूच म्हणत, "सावधान!" साताऱ्याच्या आमच्या शाळेत ते प्रयोगशाळेतले मदतनीस होते. त्याआधी सतरा वर्षं फौजेत. रोज उंब्रजहून एसटीने यायचे, पण त्यांना उशीर झालेला मी कधी पाहिला नाही. मी तिथे विज्ञान शिकवायचे. मुलं त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही.

मी शिकवत असले की ते कपाटाशी उभे राहून ऐकायचे. जीवनसत्त्वांच्या धड्याला एकदा त्यांनी मुलांसारखा हात वर केला.

"बाई, पाण्यात इरगळतं म्हंता, मग अंगात ऱ्हातं कसं?"

"राहत नाही, मामा. क आणि ब गटातली बहुतेक जीवनसत्त्वं जास्त झाली की लघवीवाटे निघून जातात. म्हणून ती रोजच्या जेवणातून मिळावी लागतात."

"म्हंजे रोजचं रेशन. गोदामात साठा न्हाई!"

वर्ग हसला. मटण, अंडी, दुधातून मिळणारं ब-१२ तेवढं यकृतात वर्षानुवर्षं साठून राहतं आणि म्हणून त्याची कमतरता फार उशिरा कळते, हेही मी सांगितलं. "ह्ये लय लबाड दिसतंय," मामा म्हणाले.

पुढे त्यांची बायको गेली. "तिच्यामागं मटणावरची वासनाच उडाली, बाई," एवढंच ते बोलले. अंडंही सोडलं. घरची म्हैस होती, पण दूध सगळं डेअरीला जायचं. डब्यात भाकरी आणि चटणी, वर कोरा चहा. जेवल्यावर मधुमेहाची गोळी, तीही कित्येक वर्षांची. हे सगळं मी रोज समोर बघत होते.

तीन-चार वर्षांनी मामांच्या हातून काचा फुटायला लागल्या. व्हरांड्यातून जाताना ते भिंतीला हात लावून चालत. आम्लाची बाटली कुठे ठेवली ते विसरत. आणि तोंडात सदान् कदा लवंग. माझा तर्क झाला. एक दिवस मुलांच्या देखत ते दारातच झोकांडले, आणि मी तडक मुख्याध्यापकांकडे गेले.

त्यांनी मामांना बोलावलं. मामा टाचा जुळवून उभे राहायला गेले आणि तोल जाऊन त्यांनी टेबल धरलं.

"बघितलंत सर?" मी म्हणाले. "आणि वास येऊ नये म्हणून लवंग."

"साहेब, दारूला मी शिवत न्हाई," मामा म्हणाले. "जीब पोळल्यागत हुतीया, म्हून लवंग. आन् पाय माजं ऐकत न्हाईत. खाली जमीन हाय का कापूस, कळंना झालंय."

"सगळे असंच काहीतरी सांगतात," मी म्हणाले.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. चिडून नव्हे. मुलांनी हात वर करावा आणि मी दुसऱ्याला विचारावं, तेव्हा मुलं बघतात तसं. त्यांना प्रयोगशाळेतून काढून फाटकावर बसवलं. त्याच आठवड्यात दहावीच्या वर्गात मी फळ्यावर ब-१२च्या कमतरतेची लक्षणं लिहिली. खडू एकदाही थांबला नाही.

महिन्याभरात मामा फाटकाच्या पायरीवर पडले आणि नोकरी सोडून घरी बसले. माझी बदली सांगलीला झाली. वर्षभराने आमच्या जुन्या क्लार्कचा फोन आला. बोलता बोलता तो म्हणाला, "शेवाळेमामांना काय झालं होतं, कळलं का? कराडच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. ब-१२ नव्हतंच जवळजवळ अंगात."

रविवारी मी उंब्रजला गेले. मामा सोप्यात बसले होते, बाजूला काठी. इंजेक्शनांनी जीभ बरी झाली होती, विसरणंही कमी झालं होतं. पायांत मात्र जाण फारशी आली नव्हती. फार उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले होते.

"मामा, मी तुम्हाला दारुडा ठरवलं," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या वो बाई. तुमास्नी कसं कळणार? तुमी काय डाक्टर हाय?"

सून चहा घेऊन आली. "आवं बाई, तुमी शिकल्याल्या. ह्यास्नी काय द्यायचं, आन् परत कमी झालं तर वळकायचं कसं, तेवढं सांगा की."

मी सांगितलं. दूध, दही, अंडी चालत असतील तर अंडी. इंजेक्शनाची तारीख चुकवायची नाही. मधुमेहाच्या गोळीनेही ब-१२ कमी होऊ शकतं, ते डॉक्टरांना विचारायचं. जीभ लाल, गुळगुळीत होते, आग होते. हातापायांना मुंग्या येतात. चालताना तोल जातो. विसरायला होतं. वर्गात सांगते त्याच क्रमाने, न अडखळता.

ती ट्रे तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. "येवढं समदं तुमास्नी तवाच ठावं व्हतं?"

"आगं, चा दे त्यास्नी," मामा घाईने म्हणाले.

"हो," मी म्हणाले. "पाठ होतं."