तळघरातली मुलगी

लेकीसाठी मागवलेलं पुस्तक उघडलं, आणि कागदाच्या वासाबरोबर बंगळूरच्या बसवनगुडीतली ती दुपार आली. मराठी मंडळाच्या कपाटातून आणलेली हीच रहस्यकादंबरी. मी कन्नड शाळेत, मला तेव्हा मराठी वाचता येत नसे. म्हणून माझी थोरली बहीण, अक्का, ओळींवर बोट फिरवत मोठ्याने वाचायची.

चोर सापडले, मुलं घरी गेली. एक मुलगी मात्र तळघरातच राहिली, असं अक्काने वाचलं. तिचं बोट थांबलेलं होतं.

"तिला कुणी शोधलं नाही?"

"ती ओरडलीच नाही," अक्का म्हणाली आणि तिने पुस्तक मिटलं.

अक्काला जाऊन बरीच वर्षं झाली. आज मी पुस्तक शेवटपर्यंत वाचलं. त्यात तळघर आहे, चोर आहेत. ती मुलगी कुठेच नाही.