कुर्ली छापाचा शेवटचा चाकू

राग शांत झाल्यावर लिहायचं ठरवलं होतं. तो काही शांत होत नाही, तेव्हा तसाच लिहायला बसलो आहे.

मी शाळेत संस्कृत शिकवतो आणि घरी घडीचे चाकू जमवतो. तेही एकाच कारखान्याचे. रत्नागिरीतला हा कारखाना कधीच बंद पडला. त्याचा छाप कुर्ली. पात्याच्या बुडाशी नखाएवढा खेकडा ठोकलेला असे. पोरांसाठी पेन्सिलीला टोक करायचा एकपाती, जाळी विणणाऱ्यांसाठी खाऱ्या हवेला दाद न देणारा पितळी मुठीचा, सुपारीच्या बागेसाठी कोयत्याच्या बाकाचा, हे सगळे माझ्याकडे आहेत. नव्हता तो फक्त कलमाचा. शिंगाची मूठ, फांदीला तिरका काप द्यायला एक पोलादी पातं आणि साल अलगद उचलायला दुसरं हाडाचं, बोथट.

पाऊस सरता सरता, रत्नागिरीकडच्या पालीजवळ आंब्याची कलमं बांधणाऱ्या अण्णा साळव्यांनी व्हॉट्सॲपवर फोटो धाडला. काळंकुट्ट पातं, त्यावर कुर्ली, आठही पाय शाबूत. खाली लिहिलं होतं, ‘माझ्यामागे कलमं बांधणारं कुणी नाय. येऊन घेऊन जा.’

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी निघालो. जाणार असाल तर पुण्याहून पहाटेची एसटी घ्या, कऱ्हाड-मलकापूरमार्गे. आंबा घाट अजूनही देखणा आहे. पुढे ‘काम चालू’ अशा पाट्या आहेत. त्या अलंकार म्हणून लावल्या असाव्यात. साखरप्याला घावणे मिळाले तर सोडू नका. पालीच्या नाक्यावर रिक्षाचं भाडं बसायच्या आधी ठरवा. मी उतरताना ठरवलं. रागाचं मंगलाचरण तिथेच झालं.

अण्णांच्या पडवीत उद्याच्या पूजेसाठी कोयती, कुदळ, पहार चिंच-राखेने घासून वाळत ठेवली होती. वहिनींनी कोकम सरबत दिलं. मग अण्णांनी आतून चाकू आणला. हातात दिला की भांडण होतं म्हणून माझ्यासमोर जमिनीवर ठेवला. भांडण तरीही झालं.

पातं आरशासारखं लखलखत होतं. मी उलटंपालटं करून पाहिलं.

“अण्णा, कुर्ली कुठाय?”

“ती होय! गेली. एमआयडीसीतून बफचं पॉलिश मारून आणला ना. दरवर्षी चिंच-राखेनं भागतं, पण यंदा पाहुण्याकडे जायचा. काळा चाकू द्यायचा होय तुम्हाला?”

“काळाच हवा होता! शिक्क्यासाठी एवढ्या लांब आलो मी!”

“मास्तर, कुर्ली कालवणात घालायची. वरची सगळी बाग ह्या चाकूनं बांधली, कुर्लीनं नाय.”

“ते त्याचं गोत्र होतं, अण्णा! मुंजीत बटूला नटवता नटवता तुम्ही जानवंच तोडून टाकलंत!”

“मग ऱ्हाऊ दे हितंच! मी बांधतो अजून कलमं.”

“बांधताय!” आतून वहिनी म्हणाल्या. “हात थरथरतात म्हणून तर देताय. आणि मास्तर, असले गुडघे घेऊन दोन खेपा मारल्यात हो त्यांनी रत्नागिरीला. पहिल्या खेपेला मनासारखा चमकला नाही म्हणून.”

म्हणजे पहिल्या खेपेला कुर्ली वाचली होती. ही माहिती मला नको होती.

जेवायला आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ आणि सोलकढी. सगळं उत्तम. हात धुऊन अण्णांनी चाकू पंच्याने पुसला. माझ्या बोटांचे ठसे उमटले होते तेवढेच नेमके पुसले. पुन्हा जमिनीवर ठेवून ते माडाकडे बघत म्हणाले, “न्या.”

“नेतो.”

कोणी कोणाची समजूत काढली नाही.

रत्नागिरीत मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी गणपतीपुळ्याला गेलो. सणाची रांग धरूनच वेळ काढा. देवासमोर मी फक्त तक्रार केली. ती अजून विचाराधीन दिसते.

रविवारी घरी जोगळेकर आले. पुण्यात कुर्ली छाप जमवणारे आम्ही दोघंच. मी अण्णांचा फोटो दाखवून सगळी हकीकत सांगितली. त्यांनी भिंग लावलं, पात्यावरून अंगठा फिरवला आणि चाकू टेबलावर सरकवून दिला.

“शिक्का नाही. कुठल्याही लोहाराचा असेल. संग्रहात धरता येणार नाही.”

शास्त्राप्रमाणे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. दुसरं कुणी असतं तर मीही हेच म्हणालो असतो. पण आवाज चढला तो माझा.

“लोहाराचा? हे हाडाचं पातं बघा. आंब्याचा चीक मुरून कातासारखं तपकिरी झालंय. बफवाल्याचा हात तिथे पोचला नाही म्हणून वाचलं.”

“चीक कुठल्याही चाकूला लागतो. फोटोतला तो हाच, याला पुरावा काय?”

“अण्णा साळवी.”

“पण शिक्का घालवला तो त्याच माणसाने ना? मूर्खपणाच की हा!”

मी चाकू उचलून घेतला आणि दार उघडलं. जोगळेकरांचा चहा ओट्यावरच राहिला.

अण्णांवरचा राग तसूभरही कमी झालेला नाही. पण त्यांच्यावर रागवायचा अधिकार माझा आहे. जोगळेकरांना तो मी दिलेला नाही.